शिवकांता मॅडमच्या नावावरचा चहा

चहा मी सांडला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं धीर होईल न होईल.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागातली आमची खोली. मार्चचे दिवस, पंखा गरगरतोय, टेबलावर आवक नोंदवही उघडी. मी हवेत हात फिरवून बदल्यांचं राजकारण समजावून सांगत होतो. त्या हाताचा फटका कपाला बसला आणि तीन महिन्यांत आलेल्या सगळ्या पत्रांच्या नोंदी चहात न्हाल्या. शिवकांता मॅडम तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाकडं तोंड करून उभ्या होत्या. मध्ये तीन टेबलं आणि एक बंद पडलेला प्रिंटर. तरी कप फुटल्याचा आवाज झाला आणि आतून साहेबांची हाक आली, "मॅडम, आज काय सांडलं?"

"सॉरी साहेब," म्हणत बाई फडकं घेऊन धावल्याच. काही पडल्याचा आवाज आला की सॉरी म्हणायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण शब्द बाहेर पडायच्या आत बंडप्पा शिपायानं दुसरा कप पुढं केला आणि उघडलेल्या तोंडाचा मी तेवढाच उपयोग करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना खुलासा मागणारं ज्ञापन निघालं. मसुदा माझा. कचेरीतले सगळे मसुदे मीच करतो. मॅडमनी एका ओळीचा खुलासा दिला : 'यापुढे काळजी घेईन.' मग माझ्या शेजारी बसून त्यांनी तीन महिन्यांच्या नोंदी, तारीख आणि क्रमांकासकट, तोंडपाठ सांगितल्या आणि मी नव्या वहीत उतरवून घेतल्या. एक नोंद मला शंकास्पद वाटली. मूळ पत्र काढून बघितलं. शंका चुकीची निघाली, मॅडम नाही.

अशी ही बाई. माहेर मुरूमकडचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही, सासर येरमाळ्याचं. नवरा शिवपुत्र आमच्याच कचेरीत लिपिक होता. तो अचानक गेला आणि अनुकंपेवर त्याची खुर्ची यांना मिळाली. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. मिळवणारं माणूस हे एकच.

खुर्ची मिळाली, पण तिला अडखळल्याशिवाय मॅडमचा एक दिवस सुरू झाला नाही. दारातून येताना चौकट खांद्याला लागायची. पंचिंग मशीननं छिद्र पाडलं की ते नेमकं साहेबांच्या सहीवर. एकदा येरमाळ्याच्या स्टँडवर त्या उतरल्या आणि एक चप्पल बसबरोबर बार्शीला गेली.

बंडप्पा म्हणायचा, "मॅडम, घरून हाताला लोणी लावून येता का व्हय?"

"तुमच्या जिभेला लावून उरतं ना बंडप्पा, तेवढंच लावते."

हसून घ्यायच्या. पण एका गोष्टीला हसता येत नव्हतं. अनुकंपेवर लागलेल्या लिपिकाला ठरलेल्या मुदतीत मराठी टंकलेखन पास व्हावं लागतं, मिनिटाला तीस शब्द. न झालं तर नोकरी जाते. मॅडम तीनदा बसल्या, तीनदा नापास. क्लासवाल्यानं हात टेकले. डोक्यात सगळं वाक्य तयार असायचं. बोटं भलत्याच बटणावर जाऊन बसायची. मुदतीचे आठ महिने उरले होते. मी आपला मोठेपणानं सल्ला दिला, "सकाळी चालत जा मॅडम, अंगात चपळाई येते." त्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून आल्या. त्यानंतर मी सल्ले बंद केले.

वाट निघाली ती झेरॉक्स मशीनपाशी. आमच्याकडं करिश्मा मॅडम विशेष शिक्षिका आहेत. शाळाशाळांतून अडचण असलेली मुलं हुडकायला त्यांनी शिक्षकांसाठी पंधरा प्रश्नांची यादी काढली होती. चेंडू झेलता येत नाही का? बटणं लावायला वेळ लागतो का? जेवताना सांडतं का? उजवं-डावं चटकन कळत नाही का? झेरॉक्स काढायचं काम शिवकांता मॅडमकडं आलं. आठवड्यानं भरलेल्या याद्या जमा झाल्या, तर एका यादीवर चौदा खुणा, मुलाचं नाव कोरं आणि वय सदतीस.

"हे कुठल्या शाळेचं मूल? वय चुकलंय. सात असणार," करिश्मा मॅडम म्हणाल्या.

"चुकलं न्हाय," शिवकांता मॅडम म्हणाल्या आणि स्टेपलरच्या पिना गोळा करायला खाली वाकल्या. पिना त्यांच्याच हातून सांडल्या होत्या.

करिश्मा मॅडमनी त्यांना तिथंच जमिनीवर बसवलं, आपण शेजारी बसल्या आणि पहिल्यांदा तो शब्द सांगितला : डिस्प्रॅक्सिया. म्हणजे अक्कल शाबूत, हातपाय धडधाकट, पण मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. आळस नाही, वेंधळेपणा नाही. जन्मापासून असतं. आणि ते कागदावर सिद्ध झालं, तर टंकलेखनातून सूट मागता येते.

सिद्ध करायचं म्हणून आम्ही एका दवाखान्यात गेलो. मी सोबतीला. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "मूल कुठंय?"

"मीच आहे."

"वय?"

"सदतीस."

"मग आता काय करायचंय बाई? इतकी वर्षं निभलंच ना?"

"निभलं न्हाय डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "पुसत आले."

डॉक्टरांनी मान वर केली. माणूस वाईट नव्हता. रांग मोठी होती. त्यांनी सोलापूरच्या एका थेरपिस्टबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

त्या बाईंनी दोन तास तपासलं. भोकांत खुंट्या बसवायच्या, रेघेवरून चालायचं, चेंडू झेलायचा. दहापैकी दोन झेलले. एक माझ्या चष्म्यावर आला. लहानपणीचं सांगायला मॅडमच्या आई महादेवीअम्मा मुरूमहून आल्या होत्या.

"आमच्यात पूजेला गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर धरायचं असतंय बघा," अम्मा म्हणाल्या. "हिचा हात हालायचा. मग खालून मी माझा हात लावायची. लगीन होस्तोवर लावला. मग जावयानं लावला."

शिवपुत्र माझ्या शेजारच्या टेबलाला नऊ वर्षं बसला. बायकोच्या हाताचं कधी बोलला नाही.

थेरपिस्टबाईंनी आणखी एक गोष्ट मागितली : रोज सोबत काम करणाऱ्या माणसानं, काय काय घडतं ते लिहून द्यायचं. म्हणजे मीच.

निकाल इथंच सांगून टाकतो, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. अहवाल आला, त्यात तोच शब्द होता. दिव्यांग बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी चार खेटे झाले, पाचवा पुढच्या महिन्यात आहे. टंकलेखनातून सूट मिळण्याचा प्रस्ताव वर गेलाय आणि तोवर परीक्षेची मुदत एक वर्षानं वाढलीय. खुर्ची शाबूत आहे. तिची जागा तेवढी दारापासून हलवली. नोंदवहीला उतरती फळी आली, पेन जाड आलं. बंडप्पानं झाकणाचे दोन कप आणले. एक मॅडमच्या टेबलावर ठेवला, दुसरा माझ्या. का, ते मी विचारलं नाही.

आता राहिलं माझं लेखन, अहवालाच्या आधीचं. मी रीतसर विषय-संदर्भ घालून चौदा प्रसंग लिहिले. समोर मॅडमची ज्ञापनांची फाईल उघडीच होती. नवव्या क्रमांकाला लिहिलं : 'आवक नोंदवहीवर चहा सांडला.' हात क्षणभर अडखळला, नाही असं नाही. पण म्हटलं, फाईलला आहे, मॅडमचा खुलासा आहे, आणि एक प्रसंग जास्त असला तर बाईंचंच भलं होईल. सरकारी माणसाला आपल्या चुकीचाही सदुपयोग करता येतो.

कागद द्यायला दोघं सोलापूरला निघालो. येरमाळ्याच्या स्टँडवर बस सुटायची होती. मॅडमनी कागद मागून घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या.

"हे खरं. हेपण खरं. पंचिंगचं दोनदा झालंय, तुम्ही एकदाच लिहिलंत."

नवव्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, ते खाली पडलं, उचललं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली. आठव्या ओळीचा अर्धा भाग सोबत घेऊन गेली. बस हलत होती असं म्हणायची सोय नव्हती. बस उभी होती.

"राहू द्या की मॅडम," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. "एक जास्त असलं की केस पक्की होते."

"माझं सांडलेलं मला पुरं आहे भाऊसाहेब, तो चहा तुमचा."