शेवटच्या फेरीचा हॉर्न

ती घटना आठवायला मला आजही निमित्त लागत नाही. रस्त्यावर एखाद्या जीपचा हॉर्न जरा लांबला की मी बोलता बोलता थांबतो. घरच्यांना आता सवय झाली आहे, ते वाट बघतात.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी जव्हार पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, हा सगळा डोंगरी मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि इकडे बदली झाली की सोबतचे अधिकारी पाठीवर हात ठेवून सांत्वन करत. मी मूळचा साताऱ्याकडचा. पहिलं वर्ष मी आदळआपट करण्यातच घालवलं. पुढे मात्र लोक आवडू लागले. भांडण झालं तरी खोटी फिर्याद घेऊन येणारे कमी. आमचे एक हवालदार मोखाड्याकडचे होते. त्यांच्यामुळे गावपाड्यांवरची बोली मला बोलता नाही तरी समजू लागली होती.

दिवाळी उरकली होती, भाताची झोडणी संपत आली होती. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं अजून घरी होती. नेमका हाच मोका साधून गावातल्या एका पुढाऱ्याने आपल्या वाढदिवसाला मुंबईचा ऑर्केस्ट्रा ठेवला, तोही फुकट. रात्री विजेचा भरवसा नसे, म्हणून कार्यक्रम दुपारी. मैदानाला चहूबाजूंनी दगडी कुंपण आणि दोन फाटकं होती. दोन्ही फाटकं पूर्ण उघडी ठेवावीत, अशी अट आम्ही परवानगीत घातली होती आणि आयोजकांनी तिच्याखाली सही केली होती.

मी त्या दिवशी जामसरला एका मारामारीच्या पंचनाम्यासाठी गेलो होतो. परत आलो तेव्हा ठाण्यात फक्त ठाणे अंमलदार होता आणि मैदानावर चेंगराचेंगरी झाल्याचं त्याने सांगितलं. मी तसाच मैदानावर गेलो.

मुख्य फाटकापाशी चपलांचा ढीग पडला होता. फुटलेल्या बांगड्या, एक पितळी डबा, कुणाचं तरी लुगडं. माणसं दवाखान्यात हलवली होती. पाच जण गेले होते, त्यांत चार बाया. अंगावर मार असा कुणाच्याच नव्हता. उभ्या जागी दाबली जाऊन, श्वास कोंडून ती माणसं गेली होती. मी नोकरीत कुऱ्हाडीचे घाव पाहिले आहेत, पण मरणोत्तर पंचनामा लिहिताना माझा हात त्याच दिवशी थांबला. जखमांच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. त्यांत एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. दाभोसा गावची. डोक्यात अबोलीचा गजरा होता आणि तो जराही विस्कटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुढाऱ्याचा एक माणूस ठाण्यात आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "साहेब, सगळं सुरळीत चाललं होतं. दाभोशाच्या जीपवाल्याने मध्येच हॉर्न मारला आणि लोक येड्यासारखे उठले. त्याला धरा, केस मिटली."

खबर खोटी नव्हती, आणि तीच अडचण होती. ज्याला तो भाग ठाऊक नाही त्याला हे सांगायला हवं. तेव्हा एसटी दिवसातून एखाददुसरी. गावी जायचं तर काळी-पिवळी जीप. प्रत्येक जीपवाल्याने आपल्या हॉर्नला वेगळा सूर लावून घेतलेला असे. शेवटची फेरी निघताना तो हॉर्न लांबवायचा, आणि बाजारात असतील तिथून त्या गावची माणसं धावत यायची. मिठाचा भाव करणारी बाई भाव अर्धा सोडून निघायची. जीप चुकली की घाट पायी उतरायचा, दुसरा उपाय नाही. आणि एकाने हॉर्न दिला की बाकीचेही देत, नाहीतर आपली माणसं त्याच्या गाडीत जाऊन बसायची.

त्या दिवशी तेच झालं. दाभोशाचा हॉर्न लांबला, पाठोपाठ रांगेतल्या सगळ्या जीपा बोंबलू लागल्या. कार्यक्रम ऐन रंगात होता, पण हॉर्न ऐकून मैदानभर बसलेली माणसं एकदम उठली आणि एकाच फाटकाकडे लोटली.

जीपवाला पंचविशीतला, काटकुळा पोरगा. फरारी वगैरे काही नाही. रात्रभर त्याने त्याच जीपमधून जखमींची ने-आण केली होती, आणि शिपाई गेला तेव्हा तो गाडीत पाणी ओतून धूत बसला होता. समोर आणला.

"हॉर्न कुणी वाजवला?"

"मीच, सायेब."

"का?"

"टाइम झालेला."

"टाइम कुठला झाला होता? ऊन होतं अजून."

"माझी चूक झाली. लिवून घ्या तुम्ही."

इतक्या सरळपणे कबूल होणारा माणूस दिसला की मला आनंद होत नाही, खटकतं. गुन्हा केलेला माणूस आधी कारण सांगतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, आणि अगदीच पळवाट उरली नाही की स्वतःवर येतो. हा आल्या आल्या मान पुढे करत होता. मी त्याला विचारलं, हॉर्न दिलास तेव्हा आत काय चाललं होतं? गाणं बाईचं होतं की पुरुषाचं? तो गोंधळला. म्हणाला, बाईचं. रांगेतले बाकीचे जीपवाले एकमुखाने सांगत होते की तेव्हा नकला चालल्या होत्या, गाणं नव्हतंच.

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो तसाच उभा. शेवटी हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, हा कुणाला तरी पाठीशी घालतोय."

उत्तर दुपारी आपण होऊन चालत आलं. मैदानाच्या पलीकडे स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दुकान होतं. जव्हारच्या जुन्या मुसलमान घराण्यातले, पाच वेळा नमाज पढणारे. पोलीस ठाण्याची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती. टोपी सारखी करत उभे राहिले.

"साहेब, तुम्ही दाभोशाच्या पोराला बसवून ठेवलंय म्हणे. हॉर्न वाजला तवा तो माझ्या दुकानात होता. बत्तीला नवी जाळी, मेंटल, घालून घेत होता. हॉर्न ऐकला आणि बोलला, चाचा, ये तो मेरी गाडी है. आणि बत्ती टाकून धावला. बत्ती अजून माझ्याकडे पडलीय."

"मग गाडीत कोण होतं, चाचा?"

"ते मला कसं दिसणार? पण झूठ बोलून पोरगा आत जाईल, तर मी कयामतला काय तोंड दाखवू?"

मी पोराला पुन्हा बोलावलं आणि चाचा काय सांगून गेले ते सांगितलं. तो खाली बसला. कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि रडू लागला. पण नाव मात्र घेतलं नाही. मी जास्त ताणलं नाही. त्याला सोबत घेतलं, हवालदारांना घेतलं आणि दाभोशाला निघालो. गाडीत कोण होतं हे गावात कळणारच होतं.

गावात शिरताना एका घराकडे बघून तो म्हणाला, "सायेब, त्या घरी नका जाऊ." त्यामुळे कुठल्या घरी जायचं ते मला कळलं.

गजऱ्याची ती मुलगी ज्या घरातली, तेच हे घर. कुडाच्या भिंती, अंगणात अर्धी झोडलेली भाताची उडवी. ओट्यावर एक म्हातारा बसला होता. मुलीचा आजा. मुलगा-सून पूर्वीच गेले होते, नात त्यानेच वाढवली होती. घरात आता तो एकटाच. कानाने जवळजवळ बहिरा. हवालदार त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने त्याच्या बोलीत विचारू लागले. तो शांतपणे सांगत होता, आणि मला बरंचसं समजत होतं.

"पोरीला गाणा ऐकायचा होता. एकटी कशी धाडू? मी गेलो. पण मला गाण्यातला काय ऐकू येतो? मी गाडीत बसलो. म्हटला, तू जा."

"मग?"

"मंग दिस कलला. मला वाटला, पोर गाण्यात रमली, उशीर होल. हा डायवर कसा करतो, मी बघतो ना रोज. मी हॉर्न दाबला. हाताला थरथर लागली तवा कळला, वाजतो. लई वेळ दाबला." मग आम्हा तिघांकडे बघून म्हणाला, "मी पोरीला बोलावली. पण ती आलीच नाय."

म्हाताऱ्याला मागून वाजलेले हॉर्न ऐकू आले नव्हते, किंकाळ्या ऐकू आल्या नव्हत्या. फाटकात माणसं पडलेली त्याने पाहिली, पण आपण दाबलेल्या हॉर्नशी त्याचा काही संबंध असेल हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. त्याच्या लेखी त्याने हाक मारली होती आणि पोरीने ओ दिली नव्हती.

अंगणात आलो तसे पोराने माझ्यापुढे हात जोडले. "सायेब, त्याला एक ती पोरच होती. हे कळला तं तो अन्नाला शिवायचा नाय. माझा काय? दोन वरीस आत राहीन, पुन्हा गाडी चालवीन. माझा नाव ऱ्हाऊ द्या."

मला त्याचा राग आला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, "अरे शहाण्या, तुझ्या मुलखात हॉर्न रोज वाजतात. रोज माणसं मरतात का?"

तिथेच माझ्या तपासाची दिशा ठरली. हॉर्न कुणी दिला हा प्रश्न आम्हाला पुढाऱ्याच्या माणसाने हातात दिला होता, आणि आम्हीही तोच घेऊन फिरत होतो. खरा प्रश्न फाटकाचा होता. त्याच संध्याकाळी पंच घेऊन मी मैदानावर पुन्हा गेलो. मुख्य फाटकाची एक झडप उघडतच नव्हती, कारण पुढाऱ्याच्या चित्रांच्या स्वागतकमानीचे बांबू तिच्या पुढ्यातच पुरले होते. मागच्या फाटकाला आयोजकांनीच कुलूप ठोकलं होतं, मुंबईच्या कलाकारांना गर्दीचा त्रास नको म्हणून. हजारो माणसांना घरी जायला एक झडप. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा मी पुढारी आणि त्याच्या दोन साथीदारांवर दाखल केला. फोन आले, वरून विचारणा झाली, ते होतंच. जीपवाल्याला साक्षीदार केलं. म्हाताऱ्याचा जबाब जसा दिला तसाच लिहून घेतला. पुराव्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हे माझं पक्कं होतं.

पण त्या जबाबावरून एक दिवस भर न्यायालयात म्हाताऱ्याला सगळं कळणार, हेही मला दिसत होतं. खटला जव्हारच्याच न्यायालयात उभा राहिला. नातीची ओळख पटवणारा म्हणून म्हाताऱ्याला साक्षीला उभं करणं भाग होतं. त्याला ऐकू जाईना, प्रमाण मराठी कळेना. हवालदारांची तोवर बदली झाली होती. न्यायाधीशांनी विचारलं, याला समजावून सांगेल असं कोण आहे? जीपवाला पुढे आला. त्याची स्वतःची साक्ष आधीच झाली होती. तोच आता म्हाताऱ्याचं बघत असे, दोन वेळची भाकरी त्याच्याच घरून जाई. त्याला दुभाषा म्हणून शपथ दिली.

उलटतपासणीला बचाव पक्षाचे वकील उठले. ठाणे शहरातले नामांकित. त्यांनी सरळ घाव घातला. "तुम्ही हॉर्न वाजवला, म्हणून लोक उठले, धावले, आणि त्यात तुमची नात मेली, हे खरं आहे का?"

पोरगा म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला आणि न्यायाधीश-वकिलांना न कळणाऱ्या त्यांच्या बोलीत (मी इथे ती सोपी करून लिहितो आहे), सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "आजा, ते पुसतात, तू पोरीला घरी न्यायसाठी हॉर्न दाबला ना?"

म्हातारा म्हणाला, "हो. न्यायचीच होती."

"हो म्हणतात," पोरगा न्यायाधीशांना म्हणाला.

वकील समाधानाने खाली बसले. मागच्या बाकांवर दाभोशाची दहा-बारा माणसं होती. त्या प्रत्येकाला बोली कळत होती. सुरुवातीला याच लोकांनी जीपवाल्याला शिव्या दिल्या होत्या, त्याच्या गाडीत बसायचं सोडलं होतं. त्यांच्यातला एकही हलला नाही. एक बाई तेवढी पदर तोंडात धरून बाहेर गेली. मीही गप्प बसलो. कायद्याच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला आजही काडीची खंत नाही.

निकालात न्यायालयाने हॉर्नची सबब मानली नाही. हॉर्न ऐकून उठणं हा लोकांचा रोजचा व्यवहार, त्यांना बाहेर पडायला वाट ठेवणं हे आयोजकाचं काम, असं स्पष्ट म्हटलं. शिक्षा झाली, फार मोठी नाही. पुढारी अपिलात गेला. त्याचं पुढे काय झालं याची मी चौकशी केली नाही, कारण तोवर माझी बदली झाली होती.

चेंगराचेंगरीची बातमी आली की आपण चटकन म्हणतो, लोकांना अक्कल नाही, मेंढरासारखे धावतात. मीही म्हणत असे. दाभोशानंतर ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्या मैदानात वेडं कुणीच झालं नव्हतं. प्रत्येकाला फक्त घरी जायचं होतं, आणि घरी जायला उठलेल्या माणसाच्या वाटेत कुणीतरी स्वतःच्या फोटोचा बांबू पुरला होता. पुढे मी मोठमोठे बंदोबस्त लावले. पाहुणे कुठे बसणार हे मी शेवटी बघायचो. आधी जाऊन फाटकाच्या झडपा स्वतःच्या हाताने ढकलून बघायचो. हाताखालची पोरं हसायची, हसू देत.

काही वर्षांनी त्या बाजूला गेलो होतो. तोच जीपवाला भेटला. म्हातारा आदल्या पावसाळ्यात गेला होता, अग्नी यानेच दिला. मी विचारलं, शेवटी काही बोलला का? पोरगा म्हणाला, "एकच. म्हनायचा, मी जरा लवकर हॉर्न दाबाया पायजे होता. त्या गर्दीत पोरीला ऐकू गेला नसेल."

तेवढीच खंत घेऊन तो गेला, आणि अख्ख्या गावाने त्याला तेवढीच राहू दिली.