कानपिळीचा मान

अक्काच्या लग्नात मला पहिली हाक मारली नवरदेवाच्या मामानं. "ए चायनीज, इकडं पाणी दे!" केटरिंगवाल्याचा माणूस समजला मला. मी नवरीचा भाऊ, अंगात नवाकोरा जोधपुरी, डोक्याला फेटा, तरी. दिलं पाणी. भांडायला माझी जीभ कमी नाही, पण अक्काच्या लग्नात राडा नको होता.

माझं तोंडच तसलं. बारीक डोळे, चपटं नाक. बापू फौजेत अरुणाचलला होते, तिथं त्यांनी मला दीड वर्षाचा असताना रीतसर दत्तक घेतलं आणि अणदूरला आणलं. अक्का तेव्हा आठ वर्षांची. शाळेतली पोरं 'नेपाळी' म्हणायची, मी मारामारी करून घरी यायचो आणि तिला विचारायचो, "मी खरंच तुझा भाऊ हाय का?" ती माझा कान धरून पिळायची. "दुसऱ्याच्या भावाचा कान पिळत बसाय मला कामं न्हाईत व्हय रं?" लई दुखायचं. बरंही वाटायचं.

आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, अशी ती तंबी. त्याबद्दल भावाला कपड्यांचा आहेर मिळतो. आहेर गेला खड्ड्यात! मला तो कान पायजे होता. एकदा सगळ्यांदेखत पिळला की मी भाऊ, मग कुणी विचारायचं कारण नाही.

अक्षता पडल्या. होमाजवळ भटजींनी पुकारलं, "कानपिळीला नवरीचा भाऊ या!" मी उठलो. तेवढ्यात तोच मामा म्हणाला, "ह्यो? रक्ताचा न्हाय का कुणी? चुलत चालंल की."

मी बापूंकडं बघितलं. अख्ख्या गावाला दम देणारे बापू खाली बघत म्हणाले, "बस रं तू. चुलत्याच्या पोराला करू दे. आज तमाशा नको."

मी मागं सरकलो. चुलतभाऊ अवघडून पुढं आला.

"थांबा," अक्का म्हणाली. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं मला बोटानं बोलावलं. जवळ गेलो तर मेंदीच्या हातानं माझाच कान धरला आणि पिळला, लहानपणी पिळायची तस्साच. "कुठं उलथला होतास? भटजी हाका मारायलेत, ऐकू येत न्हाय का?"

मग मी नवरदेवाचा पिळला. रागात जरा जास्तच. "आगंगं! हळू की मेव्हण्या!" तो कळवळला आणि मांडव हसला. अक्का हसली नाही. ती बापूंकडं बघत होती.

बापू त्यावर कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. परवा अक्काच्या पोराचं जावळ होतं, खंडोबाच्या देवळात. वस्तरा पाजळत न्हाव्यानं सहज विचारलं, "मामा कोण? मांडीवर घ्या लेकराला."

"ह्यो काय मामा! माझा पोरगा!" बापू इतक्या मोठ्यानं ओरडले की लेकरू दचकून रडायला लागलं. कुणी हरकत घेतलीच नव्हती.