येशिमेबेतचे कोरडे डोळे

आमच्या देब्रे ताबोर गावात कुणी गेलं, की पाद्र्याच्याही आधी येशिमेबेतला बोलावणं जायचं. मयताच्या अंगणात उभी राहून ती जागच्या जागी ओळी जुळवायची. गेलेल्याचा बैल, त्याची काठी, त्याचा चिक्कूपणा, सगळं त्यात यायचं. दगडाला पाझर फुटावा अशी गायची. मी बोसेना, तिची शेजारीण. मला सहजी रडू येत नाही, पण ही बाई मला दर वेळी रडवायची, मेली!

तर हीच येशी हळूहळू गप्प झाली. भर उन्हात घोंगडी पांघरून बसायची. आवाज घोगरा, विंचरताना हातात केसांचे पुंजके. चूलसुद्धा पेटवायची नाही. "आता मेलेलं बरं," असं एकदा म्हणाली, तेही मीठ मागावं इतक्या सहज.

गल्लीने निदान करून टाकलं: दुसऱ्यांची दुःखं गाऊन गाऊन हिच्या अंगात भिनलीत. झालं! तिला मयतांना जायची बंदी. वर पवित्र झऱ्यावर नेऊन गार पाण्याने न्हाऊ घातलं. आधीच गारठलेली बाई, आणखी कुडकुडली.

त्यातच माझी सासू गेली. बंदी झुगारून येशी आली, अंगणात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि एक ओळ सुचेना. डोळे कोरडे ठणठणीत. बायका कुजबुजायला लागल्या. ती सरळ माझ्याजवळ आली.

"बोसेना, तुझ्या सासूवर माझी केवढी माया होती. आणि मला काहीच वाटत नाहीये गं."

"अगं, दुःखानं होतं असं."

"गप बस! जन्मभर दुःखच गायलंय मी. दुःखात माणूस आतून जिवंत असतो. हे दुःख नाही, हा आजार आहे. मला दवाखान्यात ने."

सगळ्या गल्लीच्या तोंडावर असं बोलायला छाती लागते. माझ्यात नसती.

दवाखान्यातल्या सिस्टर हिरुतने तिचा गळा चाचपला, रक्त तपासायला बाहिर दार शहरात पाठवलं. "थायरॉइड मंदावलाय," अहवाल आल्यावर ती म्हणाली. "गळ्यातली ही ग्रंथी सुस्तावली की अंग थंड पडतं, आणि मनही विझू शकतं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची."

येशीने गोळ्या नेमाने घेतल्या. महिने गेले, फरक शून्य. "बघा, आम्ही सांगतच होतो," गल्ली म्हणाली. माझं डोकंच फिरलं. मी तिला पुन्हा ओढत दवाखान्यात नेलं.

"गोळी घेता कशी?" सिस्टरने विचारलं.

"कशी म्हणजे? चार माणसांसारखी. सकाळच्या पहिल्या कॉफीबरोबर."

सिस्टरने कपाळावर हात मारला. "अहो, कॉफी ती गोळी अंगी लागूच देत नाही! गोळी नुसत्या पाण्याबरोबर, मग तासभर कॉफी नाही."

तासभर! सकाळी दारोदार कॉफीच्या बिया भाजल्याचा वास सुटलेला असताना! "त्यापेक्षा तो झरा बरा होता," येशी घोगऱ्या आवाजात म्हणाली. कितीतरी दिवसांनी केलेला तो तिचा पहिला विनोद.

मी गल्लीत जाहीर केलं, येशीचा तास होईपर्यंत कुणी बिया भाजायच्या नाहीत. म्हातारे मुलुगेता उसळले, "माझं डोकं दुखतं त्याचं काय?"

"डोकं आहे हे आजच कळलं!" मी म्हटलं.

कुरकुरत का होईना, सगळ्यांनी ऐकलं. येशी तो तास उंबऱ्यावर बसून काढायची, एकदाही मोडला नाही. पुढे घोंगडी सुटली, मग चूल पेटली. तरी ओळ काही सुचेना.

सासूच्या वर्षाच्या जेवणाला माणसं जमली होती. येशी अचानक उभी राहून गाऊ लागली.

"रस्सा अळणी म्हणून सुनेपुढे भांडं आपटायचीस, आता तिथे कुणापुढे आपटतेस गं?"

लोक हसले आणि हसता हसता रडायला लागले. मी येशीकडे पाहिलं. तिचे गाल ओले होते. ती गालाला हात लावून बोटं बघत होती.

"रड येशी," मी म्हटलं, "पोटभर रड."