नानांची काठांनी बांधलेली गाठोडी

नानांनी रद्दीवाल्याला कधी रद्दी दिली नाही. उलट त्याला चहा पाजून त्याच्याच पोत्यात हात घालायचे. जुनं पत्र, फाटकी वही, लग्नपत्रिका, काहीही सापडलं की बदल्यात त्या दिवशीचा पेपर देऊन टाकायचे, मग घरात तो कोणी वाचलेला नसला तरी. "नाना, तुमच्यापायी माझा धंदा बसेल," असं तो म्हणायचा, आणि दर रविवारी यायचा.

नाना खानदेशातल्या गावांचा इतिहास लिहायचे. धुळ्यातल्या त्यांच्या घरी मी स्वयंपाक आणि झाडलोट करायची. पहिल्याच दिवशी केरात पुडीचा कागद पाहून म्हणाले, "सुमन, फेकू नको. पहिले माले इचार. किराणानी पुडी बी कागदच शे." बाहेर ते पुस्तकी बोलायचे, माझ्याशी घरची अहिराणी.

टिपणांची गाठोडी ते सुतळीने बांधू द्यायचे नाहीत, कडा कापतात म्हणून. माझ्या जुन्या लुगड्यांचे काठ मागून घ्यायचे. हिरवा काठ साक्रीचा, लाल शिरपूरचा, पिवळा पाचोऱ्याचा. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की सगळी गाठोडी सोडून मी कागद गच्चीवर उन्हात घालायची आणि आत कडुनिंबाचा पाला ठेवून पुन्हा बांधायची. गाठ सैल हवी, एवढंच त्यांचं सांगणं.

एका वर्षी नाना भाषणासाठी जळगावला गेले होते आणि भर दुपारी वावटळ आली. कागद शेजाऱ्यांच्या पत्र्यावर, गटारीच्या काठाला. धावून धावून गोळा केले. मी चौथी शिकलेली. ज्यांवर गावाचं नाव होतं ते बरोबर लावले, बाकीचे अंदाजाने घातले. संध्याकाळी नानांनी विचारलं, "बठ्ठं ठीक शे ना?" सगळं ठीक आहे, असं मी सांगून टाकलं. पुढे नाना गेले, पण खरं सांगायचं राहूनच गेलं.

त्यांच्या मुलाने सगळे कागद ग्रंथालयाला दिले. कुठला काठ कुठल्या गावाचा, हे विचारायला तिथल्या मॅडमनी मला बोलावलं. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. "आता लोक यावरून अभ्यास करतील, मावशी," त्या म्हणाल्या. माझ्या चुकीमुळे नानांचंच लिखाण खोटं पडणार होतं. खाली मान घालून वावटळीचं सगळं सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. लाल काठाच्या गाठोड्यातून त्यांनी एक कागद काढून उलटा धरला. मागे पेन्सिलीने नानांचं अक्षर होतं.

"हे साक्रीचं. वाऱ्याने शिरपूरला आणलं. इथून हलवू नये, हलवलं तर सुमनच्या लक्षात येईल."

"अशी बरीच आहेत," मॅडम हसल्या. "आम्ही म्हणत होतो, ही सुमन कोण?"

मॅडमनी गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. मी कागद होता तिथेच ठेवला, लाल काठ गुंडाळला आणि सैल गाठ मारताना मनातल्या मनात म्हटलं, बठ्ठं ठीक शे, नाना.