साखरेचे दागिने, काचेच्या कपाटात

माझ्या लाडक्या नातवंडांनो, आपल्या घरात तयार झालेली एक वस्तू आता संग्रहालयात आहे. ती सोन्याची नाही, चांदीची नाही, जुनीही नाही. साखरेची आहे. हे कसं घडलं ते नीट क्रमाने लिहिते, कारण फोनवर सांगायला लागले की तुमची आई मध्येच म्हणते, "आई, शॉर्टमध्ये सांग ना."

संक्रांतीला आपल्याकडे नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. खसखशीवर किंवा तिळावर साखरेचा पाक चढवून केलेले पांढरे, काटेरी दाणे म्हणजे हलवा. तुम्हां दोघांचेही पहिल्या संक्रांतीचे फोटो आहेत. काळं झबलं, डोक्यावर पांढरा मुकुट, गळ्यात हार. थोरल्याने फोटो निघायच्या आत बासरी चोखून अर्धी केली होती.

तुमच्या आजोबांना इथल्या वैद्यकीय संस्थेत नोकरी लागली, म्हणून आम्ही चंदीगडला आलो. लोहरीच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या सुमारास सेक्टर सतराच्या दुकानांत तिळाच्या रेवडी आणि गजक यांचे ढीग लागत, पण हलवा मागितला की दुकानदार गाजराचा पुढे करी. मग मी स्वतःच शिकले. परात मंद आचेवर ठेवायची, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. घाई केली की काटा येत नाही. इथली जानेवारीतली कडक थंडी मात्र हलव्याला फार मानवते. पुण्याच्या माझ्या बहिणीलाही माझ्यासारखा काटा साधत नाही, हे तीच कबूल करते.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी शहरातल्या एका छोट्या हस्तकला संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगायला जाऊ लागले. तिथे फुलकारी, म्हणजे पंजाबी भरतकामाच्या ओढण्या आहेत, चंब्याचे रुमाल आहेत, काश्मिरी लाकूडकाम आहे. एका दालनात ठिकठिकाणच्या नववधूंचे दागिने मांडले आहेत. त्यात महाराष्ट्राचं काहीच नव्हतं. तिथल्या अधिकारी बाईंना मी तसं बोलून दाखवलं. त्या तुमच्या आईच्या वयाच्या, पंजाबी, फार हुशार आणि फटकळ.

"नथ दे दीजिए, आंटीजी."

"नथ सगळ्यांकडे असते. मी वेगळं देते," असं हिंदीत म्हणून मी फोनमधला फोटो दाखवला.

"हाय, कितना सुंदर! पर ये तो मिठाई है."

"मिठाई नहीं, गहना है."

"चींटियों को कौन समझाएगा?"

दालनात खाण्याची वस्तू न्यायची नाही, हा त्यांचा नियम. साखरेला मुंगी लागली की पाठोपाठ शेजारच्या फुलकारीलाही कीड लागायची. नियम योग्यच होता; मी आयुष्यभर प्रयोगशाळा सांभाळली आहे, मला नियमांचा राग येत नाही. त्यांनी प्लास्टिकचे मणी वापरायचं सुचवलं. "दिखेगा तो वैसा ही." ते मात्र मी ठाम नाकारलं. आपल्या घरोघरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आल्या आणि त्याची गणती कायम फराळातच झाली. कलाकुसर म्हणून त्याला एकदा तरी जागा मिळावी, एवढीच माझी इच्छा होती. खोटी वस्तू ठेवून ती कशी पुरी होणार?

शेवटी त्यांनी मला संग्रहालयाच्या समितीपुढे दागिने मांडायची परवानगी दिली. मी नववधूचा पूर्ण साज केला आणि काळ्या मखमलीवर तबकात मांडला. चूक एवढीच झाली, की तबक टेबलावर चहा-बिस्किटांच्या शेजारी ठेवलं. लोहरी नुकतीच झाली होती. समितीतले एक वयस्कर सरदारजी बोलता बोलता हात पुढे करते झाले आणि त्यांनी एक कर्णफूल उचलून तोंडात टाकलं. कुडुम्‌ असा आवाज आला.

"ओ जी, रेवड़ी बड़ी स्वाद है!" मग तोंडातून दोरा ओढून काढत त्यांनी विचारलं, "इसमें धागा क्यों है?"

शेजारचे सदस्य म्हणाले, "लो जी, म्यूज़ियम का पहला कीड़ा तो यहीं बैठा है."

सरदारजी लाजेने लाल झाले. "भैणजी, माफ़ करना."

मी दुसरं कर्णफूल त्यांच्यापुढे धरलं. "ये भी लीजिए. एक कान का क्या करूँगी?"

सगळे पोट धरून हसले आणि माझं काम तिथेच फसलं. बाहेर पडताना अधिकारी बाई म्हणाल्या, "आंटीजी, इन्हें एक बरसात निकालकर दिखाइए, फिर बात करेंगे."

हे आव्हान रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला द्यायला नको होतं.

उरलेल्या बांगड्यांची मी जोडी फोडली. एक साध्या बरणीत ठेवली. दुसरीच्या बरणीत ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या, त्या बुटांच्या खोक्यांत असतात तसल्या, आणि झाकण मेण लावून बंद केलं. दोन्ही बरण्या खिडकीशी ठेवल्या. तुमच्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू बांगड्यांचं लोणचं घातलंयस का?" पावसाळ्यात साधी बरणी उघडून पाहिली, तर बांगडी पाझरून, बसून तिचा गोळा झाला होता. दुसरीतल्या बांगडीचा काटा न्‌ काटा तसाच होता.

पाऊस सरल्यावर दोन्ही बरण्या मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. गोळ्याकडे बघून त्या हसल्या. मग दुसरी बांगडी बाहेर काढून त्यांनी भिंगाखाली धरली आणि एकेक दाणा फिरवून पाहिला.

"दाने में छेद नहीं है?"

"नहीं. छेद किया तो टूट जाता है."

मी दोरा मागवून घेतला, बांगडीचे थोडे दाणे सोडवले आणि त्यांना करून दाखवलं. एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरायचा, फास काट्यांत बसला की आवळायचा, लगेच पुढचा दाणा. त्यांनीही प्रयत्न केला. त्यांचे तीन दाणे फुटले, चौथा बसला.

"ये तो बुनाई जैसा काम है, आंटीजी," त्या म्हणाल्या. "मिठाई वाली बात मैं वापस लेती हूँ."

त्या थंडीत मी नवा साज केला. आतल्या बंद काचपेटीत पुड्या घालून तो कपाटात गेला, हिमाचली चांदीच्या शेजारी. पाटी लिहायला त्यांनी मला समोर बसवलं. प्रकार : आभूषण. माध्यम : साखर, खसखस, सूत. मग त्यांनी माझं नाव विचारून घेतलं, कारण करणारी समोर बसलेली असताना ती अज्ञात कशी लिहायची, असं त्याच म्हणाल्या.

"नाम के आगे प्रोफ़ेसर लगा दूँ?"

"नको," मी चक्क मराठीत म्हणाले, आणि मग हिंदीत सांगितलं, "कारीगर लिखिए."

त्यांनी तसं लिहिलं.