इथे अंधार मिळत नाही

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात एक चष्म्यांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी डोळे तपासते. बाहेर रायगडकडचे एक चाचा फ्रेमी विकतात. "पहिलं बरं की दुसरं?" हा एकच प्रश्न मी दिवसभर अरबीत, हिंदीत आणि इंग्रजीत विचारते. मराठीत फारसा विचारावा लागत नाही, कारण आपली माणसं डोळे घेऊन येतच नाहीत. ती आईचा चष्मा घेऊन येतात. काचेवर ओरखडे, एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि आई गावाला. "मॅडम, ह्याच नंबरचा बनवून द्या ना, परवा एकजण घरी चाललाय." नंबर बदललेला असू शकतो, गावात कुणाला तरी दाखवा, असं मी सांगते. "अहो, तिला कुठे पेपर वाचायचाय? तांदूळ तर निवडायचेत." यावर मी वाद घालणं सोडून दिलंय. पालथ्या घड्यावर पाणी.

माझ्या मुलाचे डोळे मात्र मी दरवर्षी तपासत आले होते. दहा वर्षांचा आहे. थोडासा नंबर, चष्मा लावला की शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतो. त्याची आजी फोटो बघून म्हणते, नाक, कपाळ, हसणं, सगळा मामावर गेलाय. आमच्याकडे हे कौतुकाने म्हणतात.

मामा म्हणजे माझा दादा. तो गावी पिठाची गिरणी चालवतो, हाताने आणि कानाने. चाळिशीच्या आतच त्याला दिसायचं जवळजवळ थांबलं. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. मुलींचं सहसा काही बिघडत नाही, त्या फक्त पुढे देऊ शकतात. मी या शिक्षणाकडे वळले ती दादामुळेच, आणि या आजाराचा धडा मी इतरांपेक्षा चांगला पाठ केला होता. लग्नाआधी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याच्या घरच्यांनी विचारलं, "तुझे डोळे चांगले आहेत ना?" मी हो म्हटलं. विषय मिटला. पहिली मुलगी झाली, मग हा. आजार माझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती, आणि निम्म्यात तर सगळं जगच राहतं.

एका शुक्रवारी आम्ही जवळचा किल्ला बघायला गेलो. बाहेर ऊन असं की दगडाकडे बघवेना. आत खजूर साठवायची कोठी होती, खिडकी नसलेली, जमिनीला पन्हळी पाडलेल्या. खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनाने रस गळायचा आणि पन्हळींतून वाहत हंड्यात जायचा. नवरा हे आम्हाला असं समजावत होता, जणू त्यानेच ती बांधली. लेक मोबाइलमध्ये. मुलगा दारातच थांबला.

"आत ये ना," मी म्हटलं.

"नको. बोअरिंग आहे."

"एवढा मोठा झालास आणि अंधाराला भितोस?" नवरा म्हणाला. लेक म्हणाली, "डरपोक आहे तो. लाइट लावल्याशिवाय झोपत पण नाही."

मग तो आला. आमचे डोळे एव्हाना सरावले होते, मला कोपऱ्यातला हंडासुद्धा दिसत होता. तो भिंतीला तळहात लावून, पाय न उचलता सरपटवत आला आणि समोर उभ्या असलेल्या माझ्यावर आदळला. "सॉरी," तो म्हणाला. मला नव्हे. त्याला वाटलं, कुणी परकी बाई आहे.

दादा शाळेतून परतताना उशीर झाला की असाच चालायचा, दगडी गडग्याला हात लावून. गावात अंधार पडायचा, म्हणून दादाचं आम्हाला कळलं तरी. इथे अंधार मिळतच नाही. रस्त्यावर दिवे, दुकानांत दिवे, जिन्यात दिवे, मशिदीवर दिवे. घरात एक दिवा बंद केला तर दुसरा चालू असतो. या उजेडात दहा वर्षं माझ्या पोराचं काही उघडकीला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्याला दुकानात नेलं. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत चाचांनी त्याला आंब्याचा ज्यूस पाजला. मग मी आत पाहिलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग स्वच्छ होता. म्हणूनच तर तक्ता घडाघडा वाचत होता. कडेला मात्र कोळ्याच्या पायांसारखे काळे ठिपके होते, सगळीकडे. दादाच्या पडद्याचे फोटो मी इतक्या वेळा पाहिलेत की ओळखायला क्षणभरही लागला नाही.

मला काहीच वाटलं नाही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. मी दुसरा डोळा पाहिला, दिवा बंद केला आणि त्याला म्हटलं, "शहाणा रे माझा." चार वाजता दुकान उघडलं. एका ट्रक ड्रायव्हरला वाचायचा चष्मा दिला, एका बाईचा नंबर वाढल्याचं तिला समजावलं. चाचांनी विचारलं, "पोराचं बरा हाय ना?" मी म्हटलं, "बघू." ते म्हणाले, "इन्शाल्ला," आणि काच पुसायला लागले.

मस्कतच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. त्याला एका पांढऱ्या घुमटात बघायला लावलं. दिवा चमकला की बटण दाबायचं. दहा मिनिटं तो मन लावून दाबत होता. बाहेर आला आणि विचारलं, "किती पॉइंट्स झाले?" तपासणीच्या कागदावर मधे एक उजळ तबकडी होती, भोवती काळं. मी म्हटलं, "खूप झाले." डॉक्टर भले होते. सध्या औषध नाही, जीनची तपासणी करून घ्या, संशोधन चालू आहे, अजून बरीच वर्षं वाचता येईल. ही सगळी वाक्यं मी स्वतः लोकांना सांगते. ऐकताना एवढंच मनात आलं की मी जरा सावकाश सांगते.

परतताना दोन्ही मुलं मागे झोपली. नवऱ्याने आरशातून मागे बघितलं. मग म्हणाला, "त्याला सांगायचं नाही."

"कधीपर्यंत?"

"जमेल तितके दिवस. अगं, खेळायचं वय आहे त्याचं. आत्तापासून कशाला त्या भीतीत ढकलायचं?"

त्याचा आवाज फुटला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो रडू शकतो याचा मला हेवा वाटला. मला त्याचं म्हणणं पटलंसुद्धा होतं. दिसतंय तोवर दिसू दे, असंच मीही मनाशी ठरवत होते. त्या आठवड्यात मी भाजी केली, डबे भरले, दुकानात गेले, लोकांना विचारलं पहिलं बरं की दुसरं. रात्री त्याच्या खोलीतला दिवा चालू आहे ना हे बघून झोपले. सगळं होत होतं, मी फक्त त्यात नव्हते.

शेवटी दादाला फोन केला. गिरणी चालू होती, त्याने ती बंद केली. मी सांगितलं. मला वाटलं, तो विचारेल, नीट बघितलंस का. किंवा म्हणेल, माझ्यामुळे. त्याने वेगळंच विचारलं.

"त्याला सांगितलंस काय गो?"

"नाही. लहान आहे रे अजून."

"बाय, आजच सांग."

"घाबरेल तो, दादा."

"आजच सांग," तो पुन्हा म्हणाला. "माका कोणी सांगूक नाय." एवढं बोलून त्याने गिरणी चालू केली. आमचं बोलणं तिथेच संपलं.

नवऱ्याला मी विचारलं नाही. संध्याकाळी मुलगा जेवणाच्या टेबलाशी गृहपाठ करत होता, लेक आत होती. मी त्याच्या समोर बसले. पेशंटना सांगायची वाक्यं तोंडावर आली, ती गिळली.

"त्या दिवशी किल्ल्यात, त्या खोलीत, तुला काय दिसत होतं?"

"काही नाही. डार्क होतं ना."

"मला हंडा दिसत होता. बाबांना दिसत होता. ताईलापण."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "पण... अंधारात कसं दिसणार?"

"थोडं थांबलं की लोकांना दिसायला लागतं. तुझ्या डोळ्यांना ते जमत नाही. मामासारखं. तुझं काही चुकलं नाही. आणि बाळा, हे बरं होत नाही. पुढे जाऊन अजून कमी दिसेल. आपण सगळे आहोत बरोबर."

बोलून मी थांबले, तो रडेल म्हणून. तो माझ्याकडे बघत होता, काहीतरी जुळवत असल्यासारखा.

"म्हणजे बाकीच्यांना दिसतं? रात्री? सगळ्यांना?"

"हो."

"स्कूल ट्रिपमध्ये पण? टेंटच्या बाहेर सगळे पळत होते तेव्हा?"

"हो, दिसत होतं त्यांना."

"मला वाटायचं, कुणालाच दिसत नाही. आणि ते सगळे ब्रेव्ह आहेत, म्हणून जातात. मी एकटाच..."

त्याचा चेहरा उजळला. इतका की मला बघवेना. माझं पुढचं बोलणं त्याच्या कानापर्यंत गेलं की नाही कुणास ठाऊक. तो खुर्ची मागे ढकलून आत धावला आणि मला त्याचा आवाज आला, आनंदाने फुटणारा: "ताई, मी डरपोक नाहीये! ताई! मला फक्त दिसत नाही!"