सातव्या फेरीचा फोटो

१२ जुलै २००८, शनिवार. तीनशे एकोणपन्नास दिनार नऊशे मिलिम. एवढी रक्कम शाद्लियाने मोंजीच्या स्टुडिओतल्या काउंटरवर मोजून ठेवली. मोंजीने आधी नोटांकडे पाहिलं, मग तिच्या जाड चष्म्याकडे.

"शाद्लियामावशी, हा कॅमेरा आहे. सुईत दोरा ओवायचं यंत्र नव्हे."

"सुईत दोरा ओवता येत नाही म्हणूनच घेतेय. गप गुंडाळ."

अकराव्या वर्षी ती आईशेजारी जरीच्या चौकटीवर बसली आणि सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत उठली नाही. ट्युनिशियातल्या महदिया गावच्या एकोणीस नववधूंचे पोशाख तिच्या हातून गेले. गेले ते गेलेच. आमच्याकडे पोशाखाचे भाग नवरीच्या अंगावरच जोडतात. त्याआधी पुरा पोशाख कोणी बघायचा नाही, शिवणारीनेसुद्धा नाही. मग बायकांच्या बैठकीत नवरी जागच्या जागी सात फेऱ्या घेते आणि पोशाख पेटीत जातो. त्या बैठकीत पुरुषाला मज्जाव. गल्लीतला एकुलता एक फोटोवाला मोंजी नवऱ्याच्या काकांबरोबर अंगणात बदाम खात बसायचा. त्यामुळे एकोणीसपैकी अठरा पोशाखांचा एकही फोटो नव्हता.

एकोणिसावा गल्लीतल्या वसीलाच्या मुलीचा, उल्फाचा. लग्नानंतर आठ दिवसांनी तो नवरीबरोबर फ्रान्सला, ल्योंला जाणार होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शाद्लियाला सांगून टाकलं होतं की बारीक काम आता बंद. हाताखाली दोन मुली शिकत होत्या, पण छातीवरचा जरीचा मासा तोंडी सांगून शिवता येत नाही, तो बघावा लागतो. म्हणजे हा एक फोटो नीट आला नाही, तर तिचा मासा तिच्याबरोबरच संपणार होता.

कॅमेऱ्याचा मेनू फ्रेंचमध्ये, अक्षरं खसखशीएवढी. चष्मा पुसून उपयोग होईना, तेव्हा तिने बटणं टाक्यांसारखी मोजून पाठ केली. डावीकडे दोन, खाली एक, मधलं बटण: फ्लॅश बंद.

"फ्लॅश जरीवर समोरून आदळला की जर दिसत नाही, पांढरा डाग दिसतो," मोंजी म्हणाला.

"हे तू मला शिकवणार? जर खिडकीला कुशीवर धरून बघायची, हे तुझ्या जन्माआधीपासून मुलींना सांगतेय मी."

"मग कॅमेऱ्यालाही तेच सांगा. आणि हा आयएसओचा आकडा सगळ्यात खाली ठेवा. वाढवला की फोटोत रवा पडतो."

"कुसकुसचा?"

"त्याहून बारीक, पण दाताखाली येतो."

आणखी तीन गोष्टी त्याने शिकवल्या. उजेड दोन घरं कमी करायचा, म्हणजे सोनं फटफटत नाही. पिवळ्या दिव्यात रंग खरे यावेत म्हणून आधी पांढरं कापड दाखवून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते शिकवायचं. आणि कमी उजेडात त्याला वेळ लागतो, म्हणून हातात न धरता कशावर तरी ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, नि समोरच्याने हलायचं नाही.

"नवरीला कसं सांगू हलू नकोस म्हणून?"

"ते बायकांचं काम. मला तर आत घेत नाहीत."

गुरुवारी दुपारी वसीलाच्या घरी तीसेक बायका जमल्या. उल्फा पोशाख घालून उभी राहिली आणि शाद्लियाने आपलंच हे काम पहिल्यांदा पुरं पाहिलं. तिने घाईने चार बटणं मोजून फ्लॅश बंद केला, तसं सांगितलंही. तेवढ्यात वसीला कडाडली, "अगं, वीज चमकली नाही तर फोटो कसला? मी काय अंधाराचे फोटो काढायला बोलावलंय तुला?"

घरची मालकीण म्हटल्यावर शाद्लिया नमली. तिने फ्लॅश चालू केला. पहिली फेरी, लख्ख! लगेच नवरीची आत्या फत्तूमा धुपाटणं घेऊन पुढे आली. "एवढी वीज पडली पोरीवर, नजर लागेल!" तिने मूठभर धूप टाकला. दुसरी फेरी, लख्ख, आणखी एक मूठ. तिसऱ्या फेरीला खोलीचा हमामखाना झाला होता. शाद्लियाने पडद्यावर पाहिलं. पांढरं धुकं, त्यात नवरीचा चेहरा पिठात लोळवल्यासारखा आणि माशाच्या जागी डाग.

"वसीला, ये, बघ तुझी लेक."

वसीलाने पाहिलं. "अगंबाई, ही तर ढगात गेली!"

"चार फेऱ्या राहिल्यात. आता मी सांगेन तसं. फत्तूमा, वीज पडणार नाही, तर धूप कशाला? धुपाटणं बाहेर ने. खिडकी उघडा गं."

तिने फ्लॅश बंद केला, वसीलाच्या पांढऱ्या ओढणीवर कॅमेरा रोखून बटण दाबलं. मग कुसकुसचं भांडं पेटीवर उपडं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवून टायमर लावला. प्रत्येक फेरीअखेर नवरी दोन्ही तळवे चेहऱ्याशी धरून थांबते, ती बायकांची जीभ नाचवत काढलेली हाळी संपेपर्यंत. हाळी संपली की वळते.

"हाळी लांबवायची," शाद्लियाने फर्मावलं. "मी बटण दाबलं की सुरू, आणि मी हात खाली करेपर्यंत कुणी श्वास घ्यायचा नाही."

"आम्ही लग्नाला आलोय की पोहायला?" मागून कुणीतरी म्हणालं.

चौथ्या फेरीला हाळी अर्ध्यातच हसण्यात फुटली. उल्फाही हसली, फोटो हलला. पाचव्या फेरीला फत्तूमाला धुराचा ठसका लागला, हाळी तुटली, नवरी वळली. सहाव्या फेरीला सगळं जमलं, पण वसीला लेकीचा पदर सारखा करायला मध्ये आली आणि फोटोत तिची पाठ आली.

"आता मध्ये आलीस तर तुझ्याच पाठीवर मासा शिवीन," शाद्लिया म्हणाली.

सातवी फेरी. उल्फाने तळवे उचलले. शाद्लियाने बटण दाबलं, हात वर केला. फत्तूमाने मघाची भरपाई म्हणून अशी हाळी काढली की अंगणातले पुरुष उठून उभे राहिले. खिडकीचा उजेड कुशीवरून जरीवर आला. बारीक 'टिक' झालं. शाद्लियाने हात खाली केला आणि तीस बायकांनी एकदम श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मोंजीने तो फोटो मोठा केला. शाद्लियाने भिंग लावून माशाचे खवले मोजले. एकेचाळीस. तिने शिवले होते तेवढेच.

आता तो तिच्या कामाच्या खोलीत चौकटीसमोर टांगलेला आहे. दोन्ही मुली मान वर करून त्याच्याकडे बघतात आणि पुन्हा खाली सुई घालतात. पहिला मासा जरा जाडा झाला. शाद्लिया म्हणाली, पोटुशी मासळी दिसतेय, उसवा. दुसरा बरा झाला.

मोठ्या प्रतीचे साडेआठ दिनार झाले होते. तिने पाच दिले. मोंजीचे साडेतीन दिनार बाकी आहेत.